मेन दादाच्या बाजूला

एका कपाटाचं दार वाकडं बसलं, एवढंच झालं होतं. थोरला म्हणाला माप तुझं चुकलं, धाकटा म्हणाला बिजागरी तू बसवलीस, आणि बघता बघता वडिलांच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. भिंत मात्र दोघांनी मिळून अगदी ओळंब्यात बसवली, एक अक्षर न बोलता. मेन स्विच थोरल्याकडे गेला. धाकट्याच्या करवतीची वायर भिंतीच्या भोकातून पलीकडे जायची आणि निरोप वहिनीच्या तोंडून.

धाकट्याचा खरा राग होता त्या मेनवर. वीज गेली की थोरला मेन बंद करायचा. ते ठीक, वडिलांची शिस्तच तशी. पण वीज परत आली, समोरच्या इस्त्रीवाल्याचा पंखा गरगरायला लागला, तरी यांच्याकडे सगळं ठप्प. मुद्दाम छळतो मेला, असं पुटपुटत धाकटा हातोडी आपटायचा, तेव्हा कुठे दिवा लागायचा.

काल त्याने ऐकवलंच. "वहिनी, तुमच्या ह्यांना सांगा, वीज आली की लगेच मेन लावत जा म्हणावं. मी इथे माश्या मारायला येतो का?"

वहिनी आत जाऊन आली. "बरं म्हणालेत, भावजी. उद्यापासून लगेच."

आणि आज दुपारी फळी अर्धी कापून झाली असताना वीज गेली. करवतीचं गोल पातं फळीतच थांबलं. शहाण्या माणसाने आधी मशीनचं बटण बंद केलं असतं. या गृहस्थाने घड्याळासकट हात करवतीच्या टेबलाखाली घातला, पात्याशी अडकलेली ढलपी काढायला. ढलपी निघाली, पण घड्याळाचा स्टीलचा पट्टा आतल्या बोल्टमध्ये अडकला. ओढलं तर पट्टा मनगटात रुतला आणि पात्याचे दात हाताला टेकले. बटण टेबलाच्या पलीकडच्या अंगाला. दुसरा हात पोचेना, पायही पोचेना.

एक हाक मारायची होती. पण ती मारायची कोणाला, तर त्याला. धाकट्याने मिठाची गुळणी धरली आणि मनगट पिळत राहिला. पट्टा तसूभर हलेना. घाम डोळ्यांत उतरला, वाकलेली मान आखडली. तेवढ्या वाकण्यातून त्याला दारातून फक्त रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला दिसत होता, आणि त्याच्या डोक्यावरचा थांबलेला पंखा.

पंखा हलला.

भिंतीपलीकडे स्टूल सरकलं. चपला मेनच्या दिशेने वाजल्या आणि भिंतीशी येऊन थांबल्या. लगेच लाव, असं आपणच बजावलं होतं. त्याने तोंड उघडलं.

"दादा," तो म्हणाला. "दादा, लावू नकोस. हात आत आहे."

चपला बाहेर गेल्या, रस्त्यावरून वळल्या, आणि थोरला दारात उभा राहिला. त्याच्या मुठीत मेनचा फ्यूज होता. त्याने मशीनचं बटण बंद केलं, मग फ्यूज धाकट्याच्या शर्टाच्या खिशात घातला. वडील असंच करायचे. ज्याचा हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्या खिशात. मगच तो गुडघे टेकून खाली बसला आणि घड्याळाची कडी चाचपू लागला.

"तू लगेच लावणार होतास," धाकटा म्हणाला.

"म्हणालो होतो. जमलं नाही." थोरल्याने मान वर केली नाही. "रोज तुझी हातोडी वाजली की लावतो. हातोडी वाजली म्हणजे हात बाहेर आहेत. आज वाजेना, म्हणून भिंतीला कान लावून उभा होतो."

कडी सुटली. हात मोकळा झाला तरी धाकट्याला तो बाहेर काढायचं सुचेना, त्याला रडू आलं होतं.