माझ्या पाठीतली पुडी

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटारची तार छेडली की अगदी क्षीण विद्युतसंकेत निघतो. तो मोठा करून ऐकवायचा, एवढेच माझे काम. मित्रांनो, त्यात चांगले-वाईट मला निवडता येत नाही. वाजवणाऱ्याचा हात थरथरला, तर ती थरथरही मी मोठीच करतो.

एका दुरुस्तीच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकानवाल्या काकांनी माझ्या पोटात दिव्यासारखे तापणारे काचेचे व्हॉल्व्ह बसवले आणि एका तरुण गिटारवाल्याला बजावले, "आधी तापू दे त्याला. घाई केलीस तर पस्तावशील." पण थांबणे त्याच्या रक्तातच नव्हते. त्याच्या ताईने त्याचे नाव भिंगरी ठेवले होते, ते उगीच नाही.

भिंगरीचा बोलबाला झाला. सभागृहे भरू लागली, लोक माझ्या जाळीला टेकून फोटो काढू लागले. मलाही आभाळ ठेंगणे झाले. पण कार्यक्रम संपला की त्याला झोप येईना. झोपायला एक गोळी, उठायला दुसरी. पुढे गोळीशिवाय बोटेच हलेनात. ताई खिसे तपासू लागली, तेव्हा त्याने माझी पाठ उघडली आणि आतल्या फळीला चिकटपट्टीने गोळ्यांची एक पुडी लावली. विजेच्या धाकाने तिथे कोणी हात घालणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

एका कार्यक्रमात तो एकाच सुरावर अडकला. लोकांना ती कला वाटली, टाळ्या पडल्या. ड्रमवाल्याने मात्र काठ्या टाकल्या. "अरे, धरा त्याला, पडतोय तो!"

त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेले आणि मला ताईच्या अडगळीच्या खोलीत. धुळीचे मला काही वाटले नाही. पुडी मात्र मला स्वस्थ बसू देईना. जिना वाजला की जीव टांगणीला लागे. तो एकटाच आला तर? दुसऱ्याने सूर दिल्याशिवाय माझे तोंड उघडत नाही, सांगणार कसे?

एका सकाळी तो आला. दारातच थबकला. दोन्ही हात खिशात.

"ताई, स्क्रू ड्रायव्हर आण."

"आल्या आल्या दुरुस्ती? चहा तरी घे."

"नंतर. याची पाठ उघड. तू उघड."

"मी? का, तुझे हात मोडलेत?"

"मोडले नाहीत, म्हणूनच सांगतोय. आत पुडी आहे. मी काढली तर मुठीतच राहील."

ताईने स्क्रू ड्रायव्हर आणला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. स्क्रू निघाले, एक घरंगळत कपाटाखाली गेला. चिकटपट्टी चरचरली.

"एवढीशी? हिच्यापायी मला नाचवलंस होय रे?"

ती न्हाणीघरात गेली. पाण्याचा आवाज झाला.

"गेली?"

"गेली."

"पुन्हा बघ. आणखी असेल. मला आठवत नाही, ताई."

तिने पुन्हा हात घातला, कोपरान् कोपरा चाचपला. काही नव्हते. ती फळी बसवू लागली, तेव्हा तो वळला. "राहू दे. झाकू नकोस."

तो बरा झाला का, हे मला विचारू नका. ते रोज नव्याने ठरते. हल्ली तो दिवसा वाजवतो, मधेच उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. माझी पाठ उघडीच आहे. मित्रांनो, उघड्या पाठीत धूळ फार लवकर शिरते. तेवढी अधूनमधून कोणीतरी पुसत जा.