चष्मेवालीचं नाजूक दुखणं

चष्मेवालीच्या दुसऱ्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. ती घटस्फोटित, बेकरीवाला विधुर, दोघंही चाळिशीपुढची. तिचं चष्म्याचं दुकान आणि त्याची भट्टी एकाच रस्त्यावर, समोरासमोर. डोळ्यांत काही दोष नसताना तो सारखा डोळे तपासायला यायचा, तेव्हा शेवटी तिनंच विचारलं होतं, "तुम्हाला नक्की काय दिसत नाही?"

"दिसतं सगळं," तो म्हणाला होता. "बोलता येत नाही."

लग्नानंतर तेरा वर्षांची भिंगरी, म्हणजे त्याची मुलगी, तिला "मावशी" म्हणू लागली. शाळेतून परस्पर दुकानात यायची आणि फिरत्या खुर्चीवर बसून गरगर फिरायची. घर छान मार्गी लागलं होतं.

एकदा अंघोळ करताना चष्मेवालीच्या बोटांना नाजूक जागी काही खरखरीत लागलं. आरशात पाहिलं, तर बारीक बारीक फोडांचा झुपका. दुखत नव्हतं, खाज मात्र यायची. चामखिळीच वाटत होत्या. औषधांच्या दुकानातून तिनं तळपायाच्या चामखिळीवरचं औषध आणलं आणि लावलं. अशी आग झाली, की तिला ब्रह्मांड आठवलं. त्या दिवशी तिनं सगळी भिंगं उभ्यानंच घासली.

"मावशी, बसत का नाहीस गं?" भिंगरीनं विचारलं.

"पाय आखडतात."

आगीपेक्षा धसका मोठा होता. पहिला संसार मोडला तेव्हा लोकांनी तिच्याबद्दल नाही नाही ते बोलून घेतलं होतं. आता हे कळल्यावर हा माणूस काय समजेल? ती त्याच्यापासून लांब लांब राहू लागली. कधी डोकं दुखतंय, कधी उकडतंय. इकडे त्याच्या बेकरीत दोनदा पाव करपले. असं कधी होत नसे.

अखेर एका दुपारी, भट्टी निवत असताना, त्यानं तिला मागच्या खोलीत बोलावलं. पिठाच्या पोत्यावर तिच्यासाठी स्वच्छ फडकं अंथरलं.

"तुला परत जायचंय का?" त्यानं विचारलं.

"कुठे?"

"कुठेही. माझ्यापासून लांब."

तिला रडूच फुटलं. रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं, अगदी तळपायाच्या औषधासकट. त्यानं मोठा श्वास सोडला.

"एवढंच होय! मी तर भलतंच समजून बसलो होतो." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पण हे आलं कुठून?"

ती ताडकन उठली.

"अगं, तसं नव्हतं विचारलं मी."

"तसंच विचारलंत."

हाताला लागलेलं पीठ तो बराच वेळ चोळत राहिला. मग म्हणाला, "हो. तसंच विचारलं. चुकलं माझं. चल, डॉक्टरांकडे जाऊ. मीही येतो."

डॉक्टरीणबाई वयस्कर आणि तोंडाच्या फटकळ होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी आधी तळपायाच्या औषधाचा समाचार घेतला. "पायाचं औषध पायालाच लावायचं असतं, बाई. इथली कातडी किती नाजूक! आधी हे भाजलेलं बरं होऊ दे." मग दोघांना समोर बसवून सांगितलं, "या चामखिळीच आहेत. विषाणूमुळे होतात, शरीरसंबंधातून पसरतात. तुमच्यासारखी ढीगभर माणसं येतात माझ्याकडे, फक्त कुणी कुणाला सांगत नाही."

"कॅन्सर तर नाही ना?" चष्मेवालीनं विचारलं.

"नाही. कॅन्सर करणारे विषाणू बहुतेक वेगळ्या जातीचे. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मात्र वेळच्या वेळी करत जा. ती तर प्रत्येकीनंच करायची असते."

"आणि हे... कुणाकडून?" बेकरीवाल्याच्या तोंडून निघून गेलंच.

"ते कुणीच सांगू शकत नाही. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. यांच्या पहिल्या संसारातला असेल, नाहीतर तुमच्या. चोर शोधत बसू नका, घर झाडा. चला, तुम्हीही पडद्यामागे."

पडद्यामागून तो बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन. त्यालाही एक निघाली होती. इतके दिवस तो तिला तीळ समजत होता.

"यावरूनही काही सिद्ध होत नाही हं," डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहून बजावलं. पण चष्मेवालीला हसू आवरेना, आणि तिला हसताना पाहून तोही हसायला लागला.

भाजलेलं बरं झाल्यावर दोघांच्या चामखिळी गोठवून काढल्या. झोंबलं खूप, पण क्षणभरच. जागा भरून येईपर्यंत जवळीक बंद, आणि पुढे काही महिने कंडोम. त्यानं धोका कमी होतो, पण सगळी कातडी झाकली जात नाही, म्हणून पुरता टळत नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कंडोम आणायला बेकरीवाला गेला. औषधवाला त्याचं रोजचं गिऱ्हाईक! खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या, जखम नसताना मलमपट्टी असं काय काय घेऊन झाल्यावर एकदाचं त्यानं हवं ते मागितलं.

काही आठवड्यांनी तिला एक चामखीळ पुन्हा दिसली. ती हिरमुसली. "पहिल्या काही महिन्यांत उगवतात पुन्हा, पाठ सोडायची नाही," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तीही गोठवली. त्यानंतर मात्र काही आलं नाही. त्याच भेटीत त्यांनी विचारलं, "घरात मुलं आहेत? मग लस द्या. या चामखिळींपासूनही वाचवते आणि त्या कॅन्सरपासूनही. मुलगा असो, मुलगी असो, वयात येताना दिली की उत्तम."

भिंगरीला सांगायचं कुणी? बाप म्हणाला, "तू सांग, मला बोलता येत नाही." त्याचं हे जुनंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवालीनं फिरती खुर्ची धरून थांबवली आणि सरळ सांगितलं. मोठेपणी जोडीदाराशी जवळीक होते, त्यातून एक विषाणू येऊ शकतो, त्याच्यावर लस आहे.

"ई! मी लग्नच करणार नाही."

"नको करूस. लस घे आणि नको करूस."

भिंगरीनं विचार केला. "तू घेतली होतीस?"

"आमच्या वेळी नव्हती."

"मग तुला झालं?"

चष्मेवालीनं हातातलं भिंग खाली ठेवलं. "झालं. औषध घेतलं, बरी झाले."

"बाबांना माहितीये?"

"तेच बरोबर आले होते."

"म्हणून तू त्या दिवशी उभी होतीस!" भिंगरी म्हणाली आणि उठून खुर्ची तिच्याकडे सरकवून दिली. "मला वाटलं, खुर्चीवर मी बसते म्हणून तू रागावलीस."

"वेडी कुठली."

त्याच आठवड्यात तिघं मिळून लशीसाठी गेली. सुई टोचताना भिंगरीनं मावशीचा हात असा आवळला की तिची बोटं पांढरी पडली. आणखी एक डोस सहा महिन्यांनी होता. संध्याकाळी जेवणं झाल्यावर भिंगरीनं जाहीर केलं, की हात भयंकर दुखतोय, भांडी घासणं शक्य नाही.

"कुठला हात?" मावशीनं विचारलं.

भिंगरीनं उजवा वर केला.

"सुई डाव्या हाताला होती गं."

बेकरीवाला उठला, बाह्या सरसावल्या आणि मोरीकडे गेला. "राहू दे," तो म्हणाला, "दोन्ही हातांचं मिळून मीच घासतो."