बाटलीतली रुखमाबाई

माणूस मेलं की संपलं, असं शिकलेली माणसं सांगतात. पण डॉक्टर केतकीबाईंना तसं म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण घाटंजीजवळच्या, जन्मभर कापूस वेचणाऱ्या रुखमाबाईला जाऊन कितीक वर्षं झाली तरी नागपूरच्या प्रयोगशाळेत ती बाटल्याबाटल्यांतून वाढतच होती. सबंध रुखमाबाई नव्हे हो, तिच्या पोटातून काढलेल्या कॅन्सरच्या गाठीच्या पेशी. उबदार पेटीत ठेवायच्या, लाल पाणी पाजायचं, बाटली भरली की अर्ध्या दुसरीत काढायच्या. इतरांच्या पेशी थोड्याच दिवसांत मान टाकत. हिच्या मात्र जुन्या सासुरवाशिणीसारख्या चिवट. त्यांच्याच जिवावर केतकीने औषध शोधलं, नाव कमावलं, आणि लग्नाचं वय सूक्ष्मदर्शकात डोळा घालून घालवलं.

आता औषध पुढे न्यायचं तर संमतीच्या कागदावर रुखमाबाईच्या नवऱ्याचा अंगठा हवा होता. गाठ काढली तेव्हा त्याला कुणी विचारलंच नव्हतं. अंगठा नाही तर सगळं संशोधन बंद. म्हणून भाव पडलेल्या त्या साली, घराघरांत कापूस आढ्यापर्यंत कोंबलेला असताना, केतकी त्या नवऱ्याच्या, डोमाजीच्या, दारी आली.

डोमाजी जिनिंगमधला हमाल, आणि गावचा नामांकित टवाळ.

"अंगठा देतो नं बाई," तो म्हणाला. "पण आज तिचं श्राद्ध हाय. ती गेल्यापासून पानाले कावळा शिवला नाई. अर्धी तुमच्यापाशी अडकली, त जाईन कशी? आधी कावळा, मंग अंगठा."

केतकी हसली. शिकलेल्या माणसाला तेवढं एक बरं जमतं.

तेवढ्यात चूल विझली. डोमाजीची बहीण पंचफुला काडीपेटी शोधत घरभर फिरू लागली, आणि केतकीने उठून फडताळामागच्या फटीतून ती काढून दिली. हात आधी गेला, डोकं मागून.

"तुमाले कशी सापडली वो?"

"दिसली."

फट काही दिसत नव्हती. पंचफुला तिच्याकडे बघत राहिली. "वहिनी तिथंच लपवे. हा बिड्या ओढे म्हणून."

केतकी गोंधळली. मग तिला वाटलं, ही भिंत आधी निळी होती. डोमाजीला विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तो हो म्हणेल या भीतीने मिटलं.

पान छपराच्या कवेलूंवर ठेवलं. समोरच्या कडुनिंबावर कावळे लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे बसले होते, पण उठेना एकही. मग रीतीप्रमाणे जो तो मेलेल्या माणसाला शब्द देऊ लागला. डोमाजी म्हणाला, बिडी सोडतो. पंचफुला म्हणाली, वहिनी, तुही तुळस वाळू देत नाई. कावळे ढिम्म. सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं.

"रुखमाबाई," ती म्हणाली, "बाटल्या रिकाम्या करते." मनात मात्र बर्फपेटीतला पेशींचा साठा तिने जपून ठेवला.

एका कावळ्याने फांदीवर चोच घासली आणि पाठ फिरवली.

डोमाजी खदाखदा हसला. "कावळ्याले बी फसवता काय बाई? बरं रुखमे, तू मोकळी हो. तुह्या जागी हे बाई ठेवून घेतो!"

पंचफुलाने पदर तोंडाला लावला. हसू पुरं व्हायच्या आत कावळा पानावर उतरला.

मग कुणीच हसलं नाही. डोमाजीने मान वर न करता अंगठा दिला. केतकी निघाली तेव्हा पंचफुला, जी तिच्याहून चांगली थोरली होती, वाकून तिच्या पाया पडली.

सडकेवर केतकी एस.टी.ची वाट पाहत उभी राहिली. अंगठ्याचा कागद पर्समध्ये होता, आयुष्याचं काम वाचलं होतं. आनंद व्हायला पाहिजे होता. तिने आपल्या औषधाचं नाव आठवून पाहिलं. जिभेवर आलं, पण उतरेना. समोरच्या बाभळीला, जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस काट्याकाट्याला लटकला होता. एक पुंजका तिने सहज काढला. मग दुसरा. ओढणी कमरेला कधी खोचली आणि तिची ओटी कधी झाली, ते तिला कळलं नाही. बोटं मात्र एकही काटा न लागता चालली होती.

एस.टी. थांबली. कंडक्टरने घंटी मारली, हाकही दिली.

"तुमी व्हा पुढं, दादा," ती मान वर न करता म्हणाली. "अजून उजेड हाय. वेचून राह्यली मी."