लाल पट्ट्यापलीकडची जागा

मित्रांनो, चपला बाहेर काढा आणि खुशाल माझ्यावर बसा. मी सतरंजी. वयाने जुनी, रंगाने निळी आणि मधोमध लाल पट्टा असलेली. आज मला इतका आनंद झालाय, की झटकायला कुणी उचललं तर हातातून उडूनच जाईन. काल मी एका लग्नाला जाऊन आले! पण ते कळायला आधी थोडं मागे जायला हवं.

हातमागावरून उतरले तेव्हा मी चांगली जाड आणि टणक होते. एका मंडपवाल्याने मला घेतलं आणि मी लग्नकार्यांत रमले. माझ्यावर वऱ्हाडी बसले, पोरं लोळली, आमटी सांडली. लोक म्हणायचे, सतरंजी असावी तर अशी. मग एका कोपऱ्यात मला भोक पडलं आणि कौतुक संपलं. मंडपवाल्याने गुंडाळून गोदामात टाकलं ते टाकलंच. तिथे ओल, अंधार आणि उंदीर. मला वाटलं, झालं आपलं.

तिथून मला सोडवलं प्रतिभाताईंनी. इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी योगवर्ग घेतात. त्यांनी मला धुतलं, कडक उन्हात वाळवलं आणि भोक रफू केलं. त्यांचा नियम एकच, पण पक्का. रुग्णाने एकट्याने बसायचं नाही. लाल पट्ट्याच्या अलीकडे तो, पलीकडे त्याची काळजी घेणारं घरचं माणूस. श्वास दोघांनी बरोबर घ्यायचा आणि बरोबर सोडायचा. मनमाडहून येणारे रंगनाथकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले, आजारी बायकोशेजारी, सुलाबाईंशेजारी, शहाण्या मुलासारखे बसत.

अडून राहिले ते निजामभाई. अंबडच्या कारखान्यात ते तयार मालाची मापं तपासतात. त्यांच्या बायकोचं, खुर्शीदाभाभींचं, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. उपचार संपले होते, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भाभी माझ्यावर बसायच्या आणि भाई दाराशी उभे, पायात बूट, खांद्यावर भाभींची पिशवी.

"मी कुठं आजारी आहे, ताई?" ते म्हणायचे. "मी फक्त हिला सोडायला येतो."

भाभींच्या मनात एकच गोष्ट होती, लेकीचं लग्न. नाझिया अडीच महिन्यांनी सासरी जाणार होती. त्यांच्या घरची रीत अशी, की मुलगी निघताना तिच्या डोक्यावर आईनेच लाल ओढणी घालायची. भाभींना त्यांच्या अम्मीने घातली होती, तीच ओढणी कपाटात जपून ठेवलेली. पण नाझिया बापासारखी उंच. तिच्या डोक्यापर्यंत दोन्ही हात जायलाच हवेत.

निजामभाईंनी मोजपट्टीने नाझियाची उंची घेतली आणि ताईंना विचारून हॉलच्या भिंतीवर तेवढ्या उंचीची रेघ मारली. भाभी भिंतीला बोटं टेकवायच्या आणि मुंगीच्या चालीने एकेक बोट वर सरकवायच्या. भाई दर आठवड्याला नवी खूण करायचे. खूण वर चढली की मला खालून टाळ्या वाजवाव्याशा वाटत. पण हात कुठून आणू?

कारखान्याची सवय मात्र सुटत नाही. आठवड्याला दोन बोटं चढतात, तर दुप्पट मेहनतीत चार चढतील, असं भाईंनी ठरवलं आणि घरी भाभींना ओव्हरटाइम लावला. कोपराला धरून ते स्वतः हात वर ढकलायचे. पंधरा दिवसांत हात सुजला, बांगडी मनगटात रुतली. डॉक्टरांनी व्यायाम थांबवायला लावला. लग्न महिन्यावर आलं होतं. भाभी माझ्यावर नुसत्या बसून राहिल्या.

"मीच बिघडवलं," निजामभाई दारातून म्हणाले.

प्रतिभाताई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "भाई, तुम्हाला नीट झोप कधी लागली होती?"

ऑपरेशन ठरलं तेव्हापासून हे झोपलेच नाहीत, असं भाभींनी सांगितलं. ताईंनी पट्ट्यापलीकडची रिकामी जागा दाखवली. मग ते बूट निघाले.

भाई आडवे झाले. ताई म्हणाल्या, सावकाश श्वास सोडा, आणि सोडताना भाईंना हुंदकाच फुटला. किती महिन्यांचं साठलेलं होतं ते! भाभींनी पट्ट्यावरून डावा हात नेऊन त्यांच्या हातावर ठेवला. पाच मिनिटांत भाई घोरू लागले.

"उठवू नका," रंगनाथकाका म्हणाले. "लेट झालेली गाडी आहे, आत्ता कुठे स्टेशनात आली."

सूज उतरली, डॉक्टरांनी होकार दिला आणि सराव पुन्हा सुरू झाला, आता दोघांचा. भाईंना ताईंनी एकच काम दिलं. हात लावायचा नाही, फक्त बरोबर श्वास घ्यायचा. पण लग्नाचा दिवस उजाडला तरी रेघ चार बोटं वरच राहिली होती.

आणि त्या लग्नात बैठकीला म्हणून मलाही नेलं! अत्तराचा घमघमाट, बिर्याणी, पोरांचा धुडगूस. मला माझे जुने दिवस आठवले. मग निघायची वेळ झाली. नाझिया लाल पट्ट्यापलीकडे उभी राहिली, अलीकडे ओढणी घेऊन भाभी. योगवर्गाची सगळी मंडळी मागे होती. भाभींचे हात वर गेले आणि उजवा थांबला, नेमका चार बोटं खाली.

नाझियाने गुडघे वाकवले.

"वाकू नको, बेटा," भाभी म्हणाल्या. "सरळ उभी राहा."

निजामभाईंचा हात सवयीने भाभींच्या कोपराकडे गेला. पण तो हात अर्ध्यावर थांबला आणि मागे फिरला. भाईंनी मोठा श्वास घेतला, वर्गात घेतात तसा, आणि सावकाश सोडला. भाभींनीही सोडला. मग रंगनाथकाकांनी, सुलाबाईंनी, सगळ्यांनीच. दुसऱ्या श्वासाला हात थोडा हलला. तिसऱ्या श्वासाला ओढणी नाझियाच्या डोक्यावर होती.

लेक गेली, मंडप रिकामा झाला. भाभी माझ्यावर टेकल्या. निजामभाईंनी कुणी न सांगता बूट काढले आणि पट्ट्यापलीकडे येऊन बसले.

मित्रांनो, मला ओली गुंडाळू नका, अधूनमधून ऊन दाखवा, एवढं पुरे आहे मला. पण तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर जरा दाराकडेही बघा. तिथे पिशवी घेऊन कुणीतरी उभं असेल, मला काही झालेलं नाही म्हणत. त्याला आत बोलवा. त्याच्यासाठी माझ्यावर जागा आहे.