मडमेनं दिलेलं देऊळ

मी बिडाचा एक गल्ला बोलतोय. हात जोडू नका, आधीच सांगतो. नमस्कारांचा मला वीट आलाय.

विलायतेत वितळलेलं बीड साच्यात ओतलं, तेव्हा मी जन्मलो. वीतभर उंचीची पेढीची इमारत, पुढे खांब, वर घुमट आणि घुमटाला पैशापुरती फट. पैसे काढायचे तर तळाचा मळसूत्री खिळा फिरवायचा. मुलांना काटकसर शिकवायची, एवढंच माझं काम.

कर्जतच्या रेल्वेसाहेबाचा मुलगा मला लवकरच कंटाळला. बदली झाली तेव्हा मडमेनं मला भांडी घासणाऱ्या बायजाला देऊन टाकलं. फटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मनी! मनी!"

पळसदरीला घरी आल्यावर सासू धोंडूबाईनं मला हातात घेतलं. "अगं बया, ह्ये तर देऊळ हाय!"

"व्हय आत्याबाय. मडम म्हनली, मनी, मनी. मनी असंल त्ये बोलायचं नि पैसा घालायचा."

झालं! मला कुंकू लागलं, मी देव्हाऱ्यात बसलो. खोटं कशाला बोलू, फुकटचं देवपण मला आवडलंही. बायजाच्या कष्टाचा पैसा माझ्या पोटात साचत गेला.

मग बायजाच्या मुलीला, जनाला, ताप भरला. शेजारच्या अंबाबाई म्हणाल्या, "आगगाडीनं कल्याणच्या दवाखान्यात ने." बायजानं मला उचललं. धोंडूबाईनं तिचा हात धरला. "देवाला घातलेला पैसा काढत्यात व्हय? कोप व्हईल गं पोरीवर." म्हातारी वाईट नव्हती, तीही नातीसाठीच भ्यायली होती. हाताशी होता तो पैसाही दोघींनी नवस बोलून माझ्यात टाकला. जना गेली. तिच्या गाडीभाड्यावर मी बसून होतो, याची मला शरम वाटते.

पुढे दुसरी मुलगी झाली. देवाला हिचा मोह पडू नये म्हणून नाव ठेवलं चिंधी.

आज चिंधी तापानं फणफणलीय. बायजा माझ्यासमोर डोळे मिटून पदराची गाठ सोडतेय. बायजा, मी देव नाही गं! आपट मला, फोड, आणि पोरीला घेऊन टेसनाकडे पळ. बिडाला तोंड नाही, काय करू?

पैसा आत पडला. खण्णकन वाजलं.

"ऐकलं गं देवानं," धोंडूबाई म्हणाली.