पाटीचे चार स्क्रू

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मधे बोलायला नको. चिरागच्या गाडीतला सबवूफरचा, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स मी बनवला. माप मी घेतलं, प्लाय मी कापला, गोंद मी लावला. माझा नवरा हर्षद त्या आठ दिवसांत काय करत होता? गिऱ्हाइकांना चहा पाजत होता आणि 'आपला हात बसलाय या कामात' असं सांगत होता.

रेवसच्या रस्त्याला आमचं गाड्यांच्या साउंडचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे पत्र्याची शेड. काउंटरवर हर्षद, शेडमध्ये मी. वायरिंग त्याला चांगलं येतं, ते मी नाकारत नाही. पण लाकडाचं काम त्याच्या बापजन्मी जमणार नाही. माझे वडील बाळाजी सुतार खाडीवर होड्या बांधायचे. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकायचा, वर राळ भरायची, पाण्याचा थेंब आत येता कामा नये. हे त्यांनी आयुष्यभर केलं आणि शाळेतून आल्यावर मला करायला लावलं. सबच्या बॉक्सचंही तेच आहे, फक्त पाण्याऐवजी हवा. आतली हवा केसाएवढ्या फटीतून जरी सुटली तरी बासचा दम जातो आणि शिट्टी ऐकू येते.

चिराग कोळीवाड्यातला. घरच्या दोन बोटी, दाराशी बोलेरो आणि बहिणीची हळद तोंडावर आलेली. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी असते, हे वेगळं सांगायला नको. त्याला मागे बारा इंची दोन सब हवे होते आणि मासळीची बर्फाची पेटीही तिथेच राहायला हवी होती. म्हणजे बॉक्स चाकाच्या उंचवट्याला घासून, वाकडातिकडा वळवून बसवायचा. पनवेलच्या दुकानदाराने त्याला सरळ नाही म्हटलं होतं. हर्षद म्हणाला, "होऊन जाईल, टेन्शन नको घेऊ." होऊन जाईल म्हणे. आपोआप होतं ते?

मी चार दिवस गाडीत वाकून पुठ्ठ्याचे फर्मे कापले. वडील होडीच्या पोटाचे कापायचे, तसेच. मग प्लाय, मग आतून प्रत्येक सांध्याला गोंद आणि भुशाचा लगदा. शेवटी सब जोडून गाणं लावलं आणि पेटलेली अगरबत्ती प्रत्येक सांध्यावरून फिरवली. फट असेल तिथे धूर थरथरतो. माझा धूर कुठेच हलला नाही. त्या दुपारी मला जेवणाचीही आठवण राहिली नाही, इतकी मी खूश होते.

"चिरागला सांग हं, हे मी केलंय," मी हर्षदला म्हटलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे मी पहिल्यांदाच मागत होते.

"सांगतो ना," तो म्हणाला. मी बाजारात गेले. परत आले तोवर चिराग गाडी घेऊन गेला होता. सांगितलंस का म्हणून विचारलं, तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, गडबडीत राहिलं."

तिसऱ्या दिवशी, ऐन हळदीच्या सकाळी, चिराग परत आला. गाडी दुकानासमोर आडवी लावली आणि उतरल्या उतरल्या सुरू झाला.

"हर्षददादा, कसला बॉक्स दिलास? बास न्हाय, काय न्हाय, नुसती शिट्टी वाजते. सांजला हळद हाय. पावण्यांत माजी इज्जत घालवतोस काय?"

मी शेडच्या दारात होते. हर्षदने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्याच्याकडे वळून मधाळ आवाजात म्हणाला, "अरे, काय झालंय, ते लाकूडकाम घरातनं झालंय. आमची मिसेस हात मारते कधीमधी. तिचंच काहीतरी चुकलं असणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला झाला तेव्हा आपला हात बसलेला, आणि वाजेना तेव्हा मिसेस. चौदा वर्षांत माझ्या कामाबद्दल गिऱ्हाइकासमोर त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे.

मी देवापुढची अगरबत्ती उचलली, बोलेरोचं मागचं दार उघडलं आणि चिरागला म्हटलं, "गाणं लाव."

सांध्यांवरून धूर फिरवला. सरळ वर गेला. चाकाच्या वळणावरही सरळ. मग बॉक्सच्या दर्शनी बाजूला आले आणि तिथे मला ती दिसली. चकचकीत स्टीलची पाटी, 'हर्षद कार ऑडिओ'. अलिबागहून हर्षदने अशा दहा करून आणल्या होत्या. त्यातली एक त्याने माझ्या माघारी, ड्रिलने प्लाय आरपार भोसकून, चार स्क्रूंनी ठोकली होती. भोकं मोठी, स्क्रू बारीक. धूर पहिल्या स्क्रूपाशी नेला आणि तो भुतागत नाचायला लागला. दुसऱ्यापाशी तसाच. चारही ठिकाणी.

चिराग वाकून बघत होता. "वैनी, म्हंजे ही शिट्टी पाटीची व्हय?"

"पाटीची."

मी स्क्रू काढले, पाटी हर्षदच्या हातात दिली. तो म्हणाला, "बरं, बुजव आता लवकर, त्याला घाई आहे."

गिऱ्हाइकासमोर मी त्याला नेहमी अहो-जाहो करते. त्या दिवशी केलं नाही.

"बुजवते. आधी तू सांग. चूक माझी म्हणून सांगितलंस ना? आता बॉक्स कोणी बनवला तेही सांग."

"प्राची, आत जाऊन बोलू."

"इथेच. त्याची हळद संध्याकाळी आहे, मला काही घाई नाही."

चिरागने गाणं बंद केलं. हर्षद पाटी उलटीसुलटी करत उभा राहिला. तोंडावर घाम आला होता. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

"हिने बनवला," तो पुटपुटला.

"मला नाव आहे."

"प्राचीने. प्राचीने बनवला. सगळाच."

"मागचे बॉक्स पण?" चिरागने विचारलं. "माज्या भावाच्या पिकअपमधला?"

हर्षदने होकाराची मान हलवली. मी म्हटलं, "तोंडाने सांग."

"मागचे पण."

मग मी लाकडाच्या चार खुंट्या तासल्या, गोंदात बुडवलेला कापूस भोकांत ठासला आणि वडिलांच्या हातोडीने खुंट्या आत बसवल्या. हर्षद पाटी हातात घेऊन तिथेच उभा होता. गोंद वाळायला तासभर गेला. मग चिरागने गाणं लावलं, मी अगरबत्ती धरली, आणि धूर सरळ वर गेला.