कढणाची शेगडी

माघातली थंडी होती. धुळ्यात संध्याकाळपासूनच बोचरं वारं सुटायचं, म्हणून चंदनबाईंनी खोलीची दोन्ही दारं आणि खिडकी लावून घेतली होती. त्यांचा मुलगा सुरेशचंद कापसाच्या खरेदीसाठी चोपड्याला गेला होता. घरात त्याची बायको प्रेमकुंवर आणि तिचे सासू-सासरे, एवढेच.

सासरे माणकचंद यांना दिवाळीनंतर हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी तूप, तेल, तळण सगळं बंद केलं. तेव्हापासून ते जेवणाच्या ताटाकडे बघायचेही नाहीत. दिवसेंदिवस वाळत चालले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली तरी प्रेमकुंवर हातातलं काम टाकून दाराशी यायची.

शेवटी तिनेच युक्ती काढली. जिरं, मिरी घालून मुगाचं पातळ कढण करायचं, त्याचं पातेलं शेगडीसकट त्यांच्यापुढे ठेवायचं. दुधी, दोडका, टोमॅटोच्या फोडी आणि कोवळी मेथी बाजूला. बांबूच्या काडीला फोड टोचायची, उकळत्या कढणात धरायची, शिजली की ताटात काढून खायची. काडी तोंडाला लावायची नाही, म्हणजे उष्ट्याचा प्रश्न नाही. माणकचंदांना ते आवडलं. स्वतःच्या हाताने शिजवता शिजवता ते चार घास जास्त खायचे.

एरवी हे जेवण ओसरीत व्हायचं. त्या दिवशी थंडीमुळे शेगडी खोलीत आली. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली, पण ऊब बरी वाटते म्हणून चंदनबाईंनी शेगडी तशीच राहू दिली, वर आणखी कोळसे घातले.

थोड्या वेळाने माणकचंद म्हणाले, "डोकं जड झालंय." मग बोलता बोलता ते लोडावरून एका बाजूला कलंडले.

"अहो," चंदनबाईंनी त्यांना हलवलं. "अहो, डोळे उघडा ना. प्रेम, जिभेखालची गोळी आण."

प्रेमकुंवर गोळी आणायला उठली आणि तिचे पाय लटपटले. तिने भिंत धरली. कपाळात घण बसत होते. झटका आला, माझ्या जेवणानेच आला, एवढंच तिच्या मनात होतं. बाटलीचं झाकण लवकर निघेना. कशीबशी गोळी सासूच्या हातात देताना तिने पाहिलं, चंदनबाईही कपाळ दाबून धरत होत्या.

"बाई, तुमचंही डोकं दुखतंय?"

"फुटायला आलंय. मळमळतंय."

तिघांना एकाच वेळी झटका कसा येईल? तिची नजर लालभडक शेगडीकडे गेली. धूर नव्हता, वासही नव्हता. ती खिडकीकडे धावली आणि कडी काढली.

"लाव ती. गारठ्याने जातील ते."

"कोळशानं होतंय हे, बाई."

"लाव म्हणते ना."

तिने आजवर सासूचा शब्द मोडला नव्हता. बाई म्हणतात तेच खरं असेल तर हा माणूस माझ्या हातून जाईल, असं तिला वाटलं. तरीही तिने दोन्ही दारं उघडली. सासऱ्यांसमोर तोंडावरचा पदर कधी न काढणारी ती, पदर डोक्यावरून घसरला तसाच सोडून, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत ओसरीत घेऊन आली. मग चंदनबाईंना आणलं. अंगणात उभी राहून तिने शेजारच्या भिकुबाईंना हाका मारल्या.

"काय व्हयनं वं?" काय झालं ते विचारत भिकुबाई आल्या. "डॉक्टरांना बोलवा," एवढंच तिला सांगता आलं.

माणकचंदांचे ओठ हलेनात. छाती वरखाली होतेय की नाही, तेही कळेना. प्रेमकुंवर त्यांच्या नाकाशी हात धरून बसली. वारा लागत होता की श्वास, तिला उमगत नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत ती तशीच बसली.

डॉक्टर पोचले तेव्हा माणकचंद कण्हत होते. नाडी तपासून डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. कोळशाचा विषारी वायू कोंडला होता. अजून थोडा वेळ आत राहिले असते तर वाचले नसते."

चंदनबाईंनी सुनेकडे पाहिलं. शुद्धीवर आलेल्या माणकचंदांनी पाणी मागितलं. प्रेमकुंवर ते आणायला उठली, पण तिला उभं राहता येईना. तेव्हा चंदनबाईच भिंतीच्या आधाराने आत गेल्या, दोन पेले भरून आणले आणि पहिला तिच्या हातात दिला.